नाइटिंगेलबाई आणि परिचारिकेची परीक्षा

परीक्षा कशाची घ्यावी आणि ती कोणी घ्यावी, हे प्रश्न शिक्षणक्षेत्राला नवे नाहीत. परंतु ज्या विद्येची खरी कसोटी खाटेवर पडलेल्या माणसाच्या देहावर लागते, तेथे हे प्रश्न केवळ शैक्षणिक राहत नाहीत. रात्रीच्या पाळीत रुग्णाचा श्वास बदलला आहे हे वेळीच ओळखणारी परिचारिका आणि ते न ओळखणारी परिचारिका, या दोघींच्या गुणपत्रिका अगदी सारख्या असू शकतात. त्यांच्यातला फरक कळतो तो रुग्णाला, आणि त्या वेळी तो सांगण्याच्या अवस्थेत नसतो. हा फरक शिक्षणाच्या काळातच कसा हेरावा, या प्रश्नाने ज्यांचा अनेक दशके पिच्छा पुरवला, त्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल. आपल्या क्रमिक पुस्तकांनी या बाईंना हातात दिवा देऊन आपल्यापुढे उभे केले. ते चित्र खोटे नाही, पण अपुरे आहे. तक्ते आखणाऱ्या, रोजनिश्या वाचणाऱ्या आणि स्वतःच्याच शाळेच्या निकालांवर अविश्वास दाखवणाऱ्या करड्या परीक्षक बाई त्या चित्रात कोठेच दिसत नाहीत.

बाईंचा जन्म १२ मे १८२० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरी झाला आणि त्या शहराचेच नाव त्यांना मिळाले. घराणे इंग्लंडमधील गर्भश्रीमंतांपैकी. वडिलांनी मुलीला ग्रीक, लॅटिन, इतिहास, तत्त्वज्ञान असे त्या काळी मुलींना दुर्मीळ असलेले शिक्षण घरीच दिले, आणि गणिताची गोडी तिला आपणहून लागली. वयाच्या सतराव्या वर्षी आपल्याला ईश्वराने सेवेसाठी हाक दिली आहे, अशी तिची श्रद्धा जडली. परंतु ती सेवा कोणती हे कळायला काही वर्षे गेली, आणि कळल्यावर घरच्यांचा विरोध मोडायला आणखी काही. १८४५ साली जवळच्या सॉल्झबरी येथील रुग्णालयात काम शिकण्याची इच्छा तिने बोलून दाखवली तेव्हा घरात जणू आकाश कोसळले. त्यात नवल नव्हते. त्या काळी रुग्णालयातील परिचारिका म्हणजे दुसरे काही जमले नाही म्हणून आलेली, पुष्कळदा मद्याच्या आहारी गेलेली मोलकरीण, असा समज रूढ होता, आणि तो अगदीच निराधार नव्हता. या कामाला शिक्षण लागते ही कल्पनाच नव्हती. मग परीक्षेची गोष्ट कोठली?

१८५१ साली बाईंनी जर्मनीतील कायझर्सवर्थ येथील धार्मिक सेवासंस्थेत तीन महिने राहून काम शिकून घेतले. १८५३ मध्ये लंडनच्या हार्ले स्ट्रीटवरील, आजारी कुलीन स्त्रियांसाठी चालवलेल्या एका लहान रुग्णालयाची व्यवस्था त्यांच्याकडे आली. पुढच्याच वर्षी क्रिमियाचे युद्ध पेटले. जखमी सैनिकांच्या हालअपेष्टांच्या बातम्यांनी इंग्लंड हादरले आणि सरकारने बाईंना परिचारिकांचे पथक घेऊन जाण्याची विनंती केली. हे पथक निवडताना त्यांना प्रथमच परीक्षकाच्या खुर्चीत बसावे लागले. हाताशी होती ती केवळ ओळखीच्यांची शिफारसपत्रे. अवघ्या काही दिवसांत ३८ स्त्रिया जमवून त्या ४ नोव्हेंबर १८५४ रोजी तुर्कस्तानातील स्कुतारी येथे पोचल्या. यांपैकी काहींना मद्यपानापायी वा कामाच्या अपात्रतेमुळे परत धाडावे लागले. चांगल्या वर्तणुकीचा दाखला आणि कामातील लायकी या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हा धडा बाईंना तेथे मिळाला.

दुसरा धडा याहून कठोर होता. स्कुतारीच्या रुग्णालयात बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अहोरात्र कष्ट केले. तरीही १८५५ च्या त्या हिवाळ्यात मृत्यूचे प्रमाण भयंकर वाढले. मार्चमध्ये सरकारने पाठवलेल्या आरोग्य आयोगाने इमारतीखालची तुंबलेली गटारे साफ केली, हवा खेळती केली, पाण्याची व्यवस्था सुधारली, आणि मग मृत्यूचे प्रमाण झपाट्याने उतरले. मायदेशी परतल्यावर विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञाच्या मदतीने बाईंनी हे आकडे पुन्हा पुन्हा तपासले. दुसऱ्या एखाद्या व्यक्तीने साऱ्या यशाचे श्रेय पदरात पाडून घेतले असते. देश ते द्यायला तयारच होता. बाईंनी मात्र आकड्यांवरून निष्कर्ष काढला की सैनिकांचे बळी मुख्यतः घाणीने घेतले. सेवेची तळमळ आणि सेवेचे फळ यांत अंतर असू शकते, आणि ते मोजल्याखेरीज कळत नाही, हे त्या यातून शिकल्या. १८५८ साली लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेने त्यांना सभासद करून घेतले. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्याच स्त्री होत.

युद्ध चालू असतानाच कृतज्ञ जनतेने त्यांच्या नावाने निधी उभारला होता. सुमारे ४४ हजार पौंडांच्या या निधीतून १८६० च्या उन्हाळ्यात लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा सुरू झाली. पहिल्या तुकडीत १५ उमेदवार होत्या. शाळेची सूत्रे रुग्णालयाच्या मेट्रन श्रीमती सारा वॉर्ड्रोपर यांच्याकडे होती, आणि व्याख्याने देण्याचे काम निवासी वैद्यकीय अधिकारी व्हिटफील्ड यांच्याकडे. वर्षभराचे शिक्षण, त्यानंतर निधीच्या वतीने रुग्णालयांत काही वर्षे नोकरी, अशी ती योजना होती. याच वर्षी लंडनमध्ये भरलेल्या आंतरराष्ट्रीय संख्याशास्त्र परिषदेपुढे बाईंनी सर्व रुग्णालयांनी एकाच नमुन्यात आकडेवारी ठेवावी अशी सूचना मांडली. रुग्णालयांसाठी नमुना-पत्रक आणि परिचारिकांसाठीही नमुना-पत्रक: दोन्हींच्या मागे बुद्धी एकच होती.

परिचारिकांसाठीचे ते पत्रक मुळातून पाहण्यासारखे आहे. प्रत्येक उमेदवाराच्या नावे दरमहा एक तक्ता भरायचा. त्याचा एक भाग वर्तनाचा. वक्तशीरपणा, शांतपणा, विश्वासूपणा, टापटीप आणि स्वच्छता, वॉर्डाची व्यवस्था, अशी त्यातील कलमे. दुसरा भाग कौशल्याचा. मलमपट्टी, जळवा लावणे, एनिमा देणे, अंग चोळणे, ज्याला स्वतःला हलता येत नाही अशा रुग्णाला कूस बदलून देणे, भरवणे, ऊब देणे आणि त्याला शय्याव्रण होऊ न देणे, पट्ट्या बांधणे, बिछाना करणे, शस्त्रक्रियेच्या वेळी हाताशी उभे राहणे, पथ्याचे अन्न शिजवणे, वॉर्डातील हवा ताजी ठेवणे, भांडी स्वच्छ ठेवणे, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे रुग्णाचे निरीक्षण. निरीक्षणातही नाडी, श्वास, त्वचा, भूक, झोप, शुद्ध, जखमेची स्थिती, औषधाचा आणि आहाराचा परिणाम असे पोटभेद होते. शेरे उत्तमपासून उतरत उतरत थेट शून्यापर्यंत द्यायचे होते.

आज या तक्त्याकडे पाहणाऱ्या कोणाही शिक्षणतज्ज्ञाला त्यात स्वतःच्या शास्त्राचा पूर्वज दिसेल. एकाच दिवसाच्या परीक्षेऐवजी वर्षभराची नोंद, एका ढोबळ गुणाऐवजी एकेका कौशल्याचा निराळा शेरा, पाठांतराऐवजी प्रत्यक्ष खाटेजवळचे काम, ही तीनही तत्त्वे त्यात आली आहेत. शितावरून भाताची परीक्षा करावी असे आपण म्हणतो. पण ती युक्ती भाताला लागू पडते, कारण एका भांड्यातली शिते एकसारखी शिजतात. माणसाचे तसे नसते. सकाळी डॉक्टरांच्या फेरीत चपळ असणारे हात पहाटे तीन वाजता आळसावू शकतात. म्हणून बाईंनी एक शीत न तपासता महिन्यामागून महिना तपासायचे ठरवले.

आणि तरीही हा सुंदर तक्ता पहिल्या दहा वर्षांत फसला. क्रिमियाहून जडलेल्या दीर्घ आजारामुळे बाई १८५७ नंतर बहुतेक काळ अंथरुणाला खिळून होत्या. त्यांना भारतातील सैन्याच्या आरोग्याचे काम होते, सरकारी अहवाल होते. शाळेकडे प्रत्यक्ष लक्ष देता येत नव्हते. कागद येत होते, आणि कागदांवर सारे ठीक दिसत होते. मागणी तर सारखी वाढत होती. लिव्हरपूलच्या अनाथालयातील रुग्णालयासाठी १८६५ मध्ये अ‍ॅग्नेस जोन्स यांच्याबरोबर १२ परिचारिका गेल्या. १८६८ मध्ये ल्युसी ऑसबर्न आणि आणखी पाचजणी दूर सिडनीला गेल्या. ज्या शाळेच्या विद्यार्थिनींना शिक्षण पुरे होण्याच्या आतच मागणी येते, तेथे कोणाला नापास करण्याची उमेद परीक्षकाला उरत नाही.

१८७१ साली सेंट थॉमस रुग्णालय लॅम्बेथ येथील भव्य नव्या वास्तूत गेले. त्या सुमारास बाईंनी आणि निधीचे चिटणीस हेन्री बॉनहॅम कार्टर यांनी शाळेचा बारकाईने तपास केला, तेव्हा जे दिसले ते विदारक होते. व्हिटफील्ड यांनी व्याख्याने देणे जवळजवळ सोडून दिले होते. वॉर्डातील सिस्टरांना शिकवण्याची सवड नव्हती आणि पुष्कळींना त्याची तयारीही नव्हती. उमेदवार मुली विद्यार्थिनी असण्यापेक्षा स्वस्तातल्या मजूर म्हणून राबत होत्या. मेट्रन बाईंच्या मासिक शेऱ्यांवरून कोणती मुलगी काय शिकली आहे हे ओळखणे अशक्य होते. तक्त्याची कलमे तीच होती, शेऱ्यांची श्रेणीही तीच होती. खाटेजवळ उभे राहून पाहणारा डोळा तेवढा नव्हता. इतिहाससंशोधक मोनिका बेली यांनी १९८६ साली निधीची कागदपत्रे अभ्यासून हा सारा प्रकार उजेडात आणला, तोवर दंतकथेने तो झाकून ठेवला होता.

येथे बाईंचा मोठेपणा दिसतो. दोष उमेदवार मुलींवर ढकलून त्या मोकळ्या झाल्या नाहीत, किंवा तक्त्यात आणखी दहा कलमे घालून समाधान मानले नाही. त्यांनी माणसे बदलली. व्हिटफील्ड यांच्या जागी जॉन क्रॉफ्ट हे शल्यचिकित्सक आले आणि नियमित व्याख्याने सुरू झाली. विद्यार्थिनींबरोबर राहून त्यांना शिकवणारी ‘होम सिस्टर’ नेमण्यात आली. पुढे मेरी क्रॉसलँड यांनी हे काम सुमारे दोन दशके केले. मुलींनी रोजनिशी लिहावी, आपण पाहिलेल्या रुग्णांची टिपणे ठेवावीत, असा आग्रह धरला गेला. त्या रोजनिश्या बाई स्वतः वाचत. मुलींना एकेकीला घरी चहाला बोलावीत, गोडीगुलाबीने बोलते करीत, आणि त्या गेल्यावर प्रत्येकीविषयी आपले स्वतंत्र टिपण लिहून ठेवीत. ही तोंडी परीक्षा होती, हे कित्येकींना कळलेही नसेल. विद्यार्थिनीची परीक्षा करता करता त्या तिच्या शिक्षकांचीही परीक्षा करीत होत्या, कारण मुलीला काय येत नाही यावरून तिला काय शिकवलेच गेले नाही हे कळते. अर्थात या पद्धतीलाही मर्यादा होती. बाईंनी नव्या वास्तूतील आपल्या नावाच्या शाळेत प्रथम पाऊल ठेवले ते १८८२ साली. दूर राहून केलेली परीक्षा कितीही सूक्ष्म असली तरी ती दुसऱ्याच्या डोळ्यांनी केलेली असते.

भारताशी बाईंचा संबंध चाळीस वर्षांहून अधिक काळाचा, जरी त्या या भूमीवर कधी आल्या नाहीत. मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्याशी त्यांचा निकटचा पत्रव्यवहार होता. येथील रुग्णालयांत शुश्रूषेची व्यवस्था कशी असावी याविषयी त्यांनी १८६५ साली लेखी सूचना केल्या. पुण्याच्या सार्वजनिक सभेशी खेड्यांच्या आरोग्याविषयी त्यांनी पत्रव्यवहार केला, आणि बेहरामजी मलबारी यांच्या चरित्राला प्रस्तावना लिहिली. हेच मलबारी पुढे १९०८ साली मुंबईत सेवासदन स्थापन करणाऱ्यांत होते. आणि पुण्याच्या सेवासदनाने रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली ससून रुग्णालयात आपल्या स्त्रियांना परिचारिकेचे शिक्षण मिळवून दिले. सोवळ्याओवळ्याच्या त्या काळात हे धाडस किती मोठे होते, हे वेगळे सांगायला नको.

बाईंच्या उत्तरायुष्यातला सर्वांत कडवा वाद मात्र परीक्षेवरूनच झाला. १८८७ साली एथेल फेनविक यांच्या पुढाकाराने ब्रिटिश परिचारिकांची संघटना स्थापन झाली. परिचारिकांसाठी सार्वत्रिक परीक्षा असावी, उत्तीर्ण झालेल्यांची अधिकृत नोंदवही असावी, आणि नोंद नसलेल्या स्त्रीला प्रशिक्षित परिचारिका म्हणवून घेता येऊ नये, ही त्यांची मागणी होती. बाईंनी या मागणीला सर्व शक्तीनिशी विरोध केला. परीक्षेत ज्ञान तपासता येते. माया, सावधपणा, विश्वासूपणा तपासता येत नाही. नोंदवहीत एकदा चढलेले नाव दहा वर्षांनीही तसेच राहते, मग ती बाई दरम्यान सुधारलेली असो वा बिघडलेली. शिवाय सर्वांना झेपेल अशी किमान पातळी ठरली की चांगल्या शाळाही तिथवरच उतरतात. असा त्यांचा युक्तिवाद होता.

फेनविकबाईंची बाजूही कमी सबळ नव्हती. डॉक्टरला परीक्षा द्यावी लागते, मग परिचारिकेला का नको? कोणत्याही स्त्रीने पांढरा पोशाख चढवून श्रीमंताच्या घरी रुग्णसेवा करावी आणि रोग्याने तिच्या लायकीविषयी केवळ विश्वास ठेवावा, हे कोठवर चालायचे? मेट्रनच्या मर्जीवर मुलीचे भवितव्य अवलंबून असावे, यात तरी कोणता न्याय? १८९३ साली या संघटनेला राजाची सनद मिळाली, ती अशा सौम्य शब्दांत की दोन्ही पक्षांनी विजय साजरा करावा. जग मात्र फेनविकबाईंच्या बाजूने गेले. १९०१ साली न्यूझीलंडने परिचारिकांच्या नोंदणीचा कायदा केला. १३ ऑगस्ट १९१० रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, नाइटिंगेलबाई निवर्तल्या. १९१९ च्या डिसेंबरात ब्रिटनमध्येही नोंदणीचा कायदा झाला आणि नोंदवहीत पहिले नाव लागले ते एथेल फेनविक यांचे.

या वादात बाई हरल्या आणि त्यांनी हरायलाच हवे होते. ज्या समाजात रुग्णाला परिचारिका निवडण्याचा अधिकार नसतो, तेथे तिच्या किमान लायकीची हमी राज्यसंस्थेने दिलीच पाहिजे. पण बाईंनी उपस्थित केलेली शंका त्यांच्या पराभवाने संपली नाही. उलट पुढच्या शतकातील सारे संशोधन त्या शंकेभोवतीच घुटमळत राहिले. १९७५ साली स्कॉटलंडमधील डंडी येथे रोनाल्ड हार्डेन यांनी नवी परीक्षापद्धती मांडली. विद्यार्थ्याने ठराविक मिनिटांत एकेका टेबलापाशी जाऊन एकेक कृती करून दाखवायची, आणि प्रत्येक ठिकाणी परीक्षकाने आधी ठरलेल्या कलमांनुसारच गुण द्यायचे. पक्षपाताला त्यामुळे बराच आळा बसला. परंतु परीक्षेच्या टेबलापाशी करून दाखवणे आणि भरलेल्या वॉर्डात रोज करणे यांत अंतर राहिलेच. २००३ साली कॅथलीन डफी यांनी स्कॉटलंडमध्ये केलेल्या अभ्यासात दिसून आले की वॉर्डात विद्यार्थिनींचे मूल्यमापन करणाऱ्या अनुभवी परिचारिका शंका असतानाही नापासाचा शेरा द्यायला कचरतात. मन धजत नाही, वेळ नसतो, पुरावा लिहून ठेवलेला नसतो. सेंट थॉमसच्या तक्त्यावरही शून्याची जागा होती. ती वापरायला मनाचा निग्रह लागतो.

आपल्याकडे भारतीय परिचर्या परिषदेने २०२१ साली पदवी अभ्यासक्रमाची फेररचना केली. त्यात कौशल्यांची लॉगबुके आली, टेबला-टेबलांची ती कृतिपरीक्षाही आली. १९४७ च्या कायद्याची जागा घेणारा नवा कायदा संसदेने २०२३ साली संमत केला. ही पावले स्वागतार्ह आहेत. परंतु सेंट थॉमसचा अनुभव सांगतो की नमुना-पत्रक छापणे हा कामाचा सोपा भाग आहे. जेथे लॉगबुकातील वर्षभराच्या सह्या परीक्षेच्या आदल्या आठवड्यात एका बैठकीत होतात, जेथे एका शिक्षिकेच्या माथी इतक्या विद्यार्थिनी असतात की तिला त्यांची नावेही पाठ होत नाहीत, जेथे विद्यार्थिनींकडून रुग्णालयातील रिकाम्या जागांचे काम करवून घेतले जाते, तेथे १८७१ सालचे सेंट थॉमस पुन्हा उभे आहे असे खुशाल समजावे.

म्हणून परिचर्या महाविद्यालयांची तपासणी करणाऱ्यांनी इमारत, ग्रंथालय आणि प्रयोगशाळेतील पुतळे मोजून झाल्यावर आणखी चार प्रश्न विचारावेत. ही सही करणाऱ्या व्यक्तीने हे काम प्रत्यक्ष रुग्णाजवळ होताना पाहिले होते काय? किती वेळा पाहिले? त्यासाठी तिला कामाच्या वेळातून वेगळी सवड दिली होती काय? आणि गेल्या पाच वर्षांत एखाद्या विद्यार्थिनीला कौशल्य अपुरे म्हणून थांबवून, पुन्हा शिकवून, पुन्हा तपासले गेले काय? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी असेल, तर तेथील सर्वच विद्यार्थिनी निष्णात असण्यापेक्षा तेथे कोणी पाहतच नसण्याचा संभव अधिक. नापास करणे हे निष्ठुरपणाचे लक्षण मानू नये. तयारी नसलेल्या मुलीला एकटीला वॉर्डात उभे करणे हा तिच्यावरही अन्याय आहे, आणि ज्याला कूस बदलण्यासाठीदेखील तिची वाट पाहावी लागते त्या रुग्णावर तर अधिकच.

नाइटिंगेलबाईंच्या जयंतीला आपण दरवर्षी दीपप्रज्वलन करतो, शपथा घेतो. तो सोहळा अवश्य व्हावा. त्याच दिवशी प्रत्येक महाविद्यालयाने आपली लॉगबुके उघडून, कोणतीही दहा पाने काढून, त्यांवरील सह्यांचा जाब स्वतःला विचारावा. बाईंनी तो आपल्या शाळेला दहा वर्षांनंतर विचारला होता; आपल्याला तेवढी वाट पाहण्याचे कारण नाही.